गॅरेजमध्ये डोक्यावर माळा करायचाय, कैचीला लटकवू की भिंतीला टेकवू?

वाठारकर
नमस्कार मंडळी. साताऱ्यात घराच्या कडेला आमचं शेड आहे, १२ फूट रुंद आणि १८ फूट लांब. नऊ इंची विटांच्या भिंती, खाली कोबा, वर पत्रा आणि तो पेलायला अँगलच्या तीन कैच्या (त्रिकोणी सांगाडे). कडेला उंची ११ फूट आहे. पुढे वॅगन आर लागते आणि मागच्या भिंतीला माझं वर्कबेंच आहे, बाबांच्या वेळचं. आता जमिनीवर पाय ठेवायला जागा उरलेली नाही. जुन्या दाराच्या सागवानी फळ्या, रंगाचे डबे, उरलेल्या फरशा, गणपतीचं मखर, ताडपत्र्या, कार्यातली मोठी पातेली, सगळं तिथंच. बेंचवर रंधा मारायचा तर आधी अर्धा तास सामान हलवा.

डोक्यात असं आहे की मागच्या भिंतीलगत, बेंचच्या वर, १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद माळा करायचा, जमिनीपासून ७ फुटांवर. खाली पाय नकोत म्हणून मागच्या दोन कैच्यांना आठ थ्रेडेड रॉड लटकवायचे, त्यावर एक इंची अँगलची चौकट आणि १२ मिमी प्लाय. वेल्डिंग मला येतं. कुणी असं केलंय का? काय चुकतंय ते स्पष्ट सांगा.

जुना_पाना
वाचतोय. माझं पण हेच दुखणं आहे.

पारिजातक
आमच्याकडे माळ्यावर काय आहे हे फक्त सासूबाईंना माहीत असतं, आणि त्या सांगतात ते नेहमी सगळ्यात मागच्या कोपऱ्यात असतं. :) चार फूट रुंदी करू नका हो दादा. शिडीवर उभं राहून हात पोचतो तो दोन-अडीच फूट. त्याच्या मागचं सामान म्हणजे गेलंच समजा.

घणघण
वाठारकर, कैचीला हात लावू नका. मी शिरोलीला फॅब्रिकेशन करतो, वीस वर्षं शेडच बांधतोय. आपल्याकडं घरगुती शेडची कैची पत्र्याच्या हिशोबानं केलेली असते. पत्रा चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास, त्यात पर्लिनचं, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांचं वजन आणि वारा, झालं. कैचीचा खालचा अँगल बांधलेला असतो ताणासाठी. तुम्ही त्याला मधेच, सांध्यापासून लांब रॉड अडकवला की तो वाकायला लागतो, आणि वाकण्यासाठी त्यो केलेलाच नाही. वेल्ड मारणाऱ्यानं सांधा कसा भरलाय ते पण तुम्हाला खालून दिसत नाही. रंगाखाली नुसता टाका असतोय कित्येकदा.

वाठारकर
घणघण, धन्यवाद. पण सांध्यालाच लटकवलं तर? आणि वजन फार नाहीये हो, दोनशे किलो असेल.

ओळंबा
दोनशे किलो हा आकडा कुठून आला? मोजलंत का? मी सिव्हिलमध्ये आहे, आणि माळ्याच्या बाबतीत 'फार नाहीये' असं सांगणारा प्रत्येक माणूस निम्मं सांगतो, हा अनुभव आहे. काही वजनं देतो, स्वतःच बेरीज करा. वीस लिटरची इमल्शनची भरलेली बादली २६ ते २८ किलो, पाण्यापेक्षा रंग जड असतो. दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्सचा चार नगांचा खोका ३० किलोच्या घरात. ८ बाय ४ चा १८ मिमी प्लाय ३२-३५ किलो. सगळं लिहून काढा, मग बोलू.

आणि सांध्याला लटकवण्याबद्दल: सांधा बरा, पण मुळात ते वजन खाली जमिनीत कोणत्या वाटेनं जाणार याचा विचार करा. रॉडमधून कैचीत, कैचीतून वरच्या पर्लिनच्या ओझ्यासकट भिंतीच्या माथ्यावर, आणि तिथून सगळी भिंत उतरून जमिनीत. म्हणजे सात फुटांवरचं सामान आधी वर चढवायचं आणि मग खाली आणायचं. त्यापेक्षा सरळ पाय लावून कोब्यावर का नाही टेकवत?

डॅलसकर
इथे अमेरिकेत गॅरेजमध्ये ओव्हरहेड रॅक घरोघरी असतात, दुकानात ४ बाय ८ फुटांची तयार मिळतात, ६०० पौंडांची पाटी लावलेली, आणि सगळी छताला लटकवायची. म्हणून मी पण घर घेतल्यावर पहिल्याच महिन्यात आणली. मग लावायच्या आधी शेजारच्या काकांनी, ते सुतारकाम करायचे, मला वर पोटमाळ्यात नेऊन ट्रस, म्हणजे इथल्या लाकडी कैच्या, दाखवले. इथल्या बांधकामाच्या कोडमध्ये ज्या पोटमाळ्यात सामान ठेवायचं नाही तिथं खालच्या लाकडावर चौरस फुटाला १० पौंड एवढंच धरलेलं असतं, आणि मर्यादित सामानाचा असेल तर २०. म्हणजे ३२ चौरस फुटांच्या रॅकला १० च्या हिशोबानं ३२० पौंड. रॅक ६०० पेलेलही, छत पेलेलच असं नाही! रॅकच्या खोक्यावरचा आकडा रॅकचा असतो, तुमच्या घराचा नाही.

मी शेवटी तयार रॅक परत केली आणि २ बाय ४ च्या लाकडांचं केलं. (ते नावालाच २ बाय ४, प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच.) मागची बाजू भिंतीतल्या उभ्या लाकडांना तीन इंची लॅग स्क्रूनी पक्की आणि पुढच्या बाजूला जमिनीपर्यंत पाय. आठ वर्षं झाली.

एक अजून, काळे ड्रायवॉल स्क्रू वापरू नका. कडक असतात म्हणून ठिसूळ असतात, वाकत नाहीत, कट्कन तुटतात. आपल्याकडे पण सुतार सर्रास तेच मारतात.

रंधा
काळ्या स्क्रूबद्दल +१. माझ्या टूल कपाटाची बिजागरी तशीच निखळली, चारही स्क्रूची डोकी तुटलेली आणि दांडे लाकडात रुतलेले.

प्लायबद्दल बोलतो, लोखंडाचं घणघण बघतील. १२ मिमी प्लायला खाली दर फुटाला आडवा आधार असेल तरच घ्या, नाहीतर १८ घ्या. जाडी दुप्पट केली तर वाक आठव्या भागावर येतो, आणि उलट, आधारांमधलं अंतर दुप्पट केलं तर तेवढ्याच वजनाला वाक आठपट होतो. दुकानदार जाडीचे पैसे सांगतो, पण अंतर कमी करणं स्वस्त पडतं. पत्र्याच्या शेडमध्ये पावसाळ्यात आतून पाणी टिपकतं, पत्रा गार पडला की घाम धरतो. म्हणून साधा एमआर (थोडाफारच ओलावा सोसणारा प्लाय) घेऊ नका. आयएस ७१० शिक्क्याचा मरीन परवडत असेल तर उत्तम, नाहीतर निदान कडा रंगवून बंद करा, पाणी कडेनंच आत शिरतं.

चिंगी
आमच्या जुन्या वाड्यात, पुण्यात शनिवारात, स्वयंपाकघरात भिंतीत रोवलेल्या कडप्प्याचा माळा होता. त्याच्यावर आजीच्या बरण्या, पितळी डबे. एका दुपारी कोणी हात लावलेला नसताना तो मधोमध तुटला. खाली आजी नेहमी बसायची तिथे. त्या दिवशी ती शेजारी गेली होती हळदीकुंकवाला. तेव्हापासून मी कुठल्याही माळ्याखाली बसत नाही, हॉटेलात सुद्धा.

ओळंबा
चिंगीताई, कडप्पा तसाच वागतो. लोखंड आधी वाकतं, लाकूड कुरकुरतं, तुम्हाला कळतं. दगड काहीच सांगत नाही. शिवाय इंचभर जाडीचा कडप्पा चौरस फुटाला सहा किलोच्या पुढे जातो, म्हणजे माळा स्वतःच सामानाइतका जड. त्यात भिंतीत रोवलेला भाग तीन-चार इंच, आणि विटा हलल्या की टोक उघडं. आजीबाई वाचल्या हे फार बरं झालं.

देवगडी
आमच्याकडे कोकणात माळा म्हणजे घराचा निम्मा जीव. किंजळ नाहीतर ऐनाचे वासे, वर फळ्या, पावसाळ्याच्या आधी सगळी कोरडी लाकडं, शेणी, सोलं, सुक्या मासळीची डालगी वर जातात. चुलीचा धूर वर जाऊन लाकडाला लागतो म्हणून कीड कमी. आता चूल गेली, गॅस आला, आणि माळ्याला वाळवी लागायला लागली, हे आमच्या घरात मी स्वतः बघितलंय.

वाठारकर भाऊ, एक सांगतो. माळा केलात की उंदीर येणार. उंदीर आले की धामण येणार. आमच्या माळ्यावर मी शिडीवरनं डोकं वर काढलं तर समोर सव्वा हातावर धामण, माझ्याकडे बघतेय. बिनविषारी असते, उंदीर खाते, तिला मारू नका. पण शिडीवर दोन्ही हातांनी धरलेलं असू दे!

पारिजातक
देवगडी भाऊ 😱 मी आता माळ्याला टॉर्चशिवाय हातच लावणार नाही. आमच्या सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या आमच्या लहानपणी माळा कशाला, शिंकाळं होतं. दुधा-दह्याचं भांडं आढ्याला टांगलेलं, मांजराचा हात पोचत नाही, मुंग्या चढत नाहीत.

जुना_पाना
शिंकाळं म्हणजे लटकतं साठवणच की! म्हणजे वाठारकरांची कल्पना नवी नाही, फक्त दह्याच्या जागी टाइल्स आल्या. :)

घणघण
त्यात अडीच शेर दही असायचं, साहेब. आणि वर सागाचं आढं.

वाठारकर
ओळंबा, काल रविवारी वजनकाटा आणून सगळं मोजलं. मला स्वतःला धक्का बसला.
रंगाच्या बादल्या दोन, ५५ किलो. टाइल्सचे सहा खोके, १८०. सागवानी फळ्या ८०. मखर २५. ताडपत्र्या २०. पातेली आणि तांब्याची भांडी ३०. जुन्या बॅगा त्यात पुस्तकं, ४०. बेरीज ४३० किलो!!! आणि मी दोनशे म्हणत होतो.

ओळंबा
आता खरं बोलणं सुरू झालं. टाइल्स आणि रंग वर जाणारच नाहीत, हे आधी ठरवा. टाइल्स भिंतीलगत जमिनीवर, उभ्या कडेवर, खाली दोन पट्ट्या टाकून. एकट्या टाइल्स काढल्या तरी २५० राहतात. रंग खाली आणलात तर दोनशेच्या आत. पण हिशोब २५० चाच करा, कारण दोन वर्षांनी तुम्ही अजून काहीतरी चढवणार.

तेरणाकाठ
मी उमरग्याकडचा. बाकी तांत्रिक मला कळत नाही, पण एक लिहिल्याशिवाय राहवत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आमच्याकडची घरं दगडमातीच्या भिंतींची, वर माळवद. म्हणजे लाकडी तुळया, त्यावर किलचण आणि वर दीड-दोन फूट माती. उन्हाळ्यात गार राहायचं म्हणून दरवर्षी थोडी माती वर टाकायची, पिढ्यान्‌पिढ्या. त्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं थकून आत झोपली होती. जे वर चढवलं होतं ते सगळं खाली आलं. आमच्या गल्लीतली अकरा माणसं गेली.

तुमचा माळा लहान आहे, त्याची तुलना मी करत नाही. पण डोक्यावर जड आणि पायात हलकं असं काही मला आजही बघवत नाही. साताऱ्याला कोयना जवळ आहे, तिथं १९६७ ला झालाच होता. माळ्याला पुढून पट्टी लावा, म्हणजे हादरा बसला तर सामान घसरून खाली येणार नाही, आणि चौकट भिंतीला बांधून ठेवा.

वाठारकर
तेरणाकाठ, काय लिहू. पट्टी लावणार, नक्की. कोयनेच्या वेळी आमचे आजोबा पाटणला नोकरीला होते, त्या रात्रीचं ते शेवटपर्यंत सांगायचे.

चिंगी
🙏

डॅलसकर
🙏 आमच्याकडे मोठे भूकंप होत नाहीत पण पुढच्या कडेला पट्टी मी पण लावलीय, चार इंच. तिच्यामुळे अजून एक फायदा, किती रचायचं याला आपोआप मर्यादा येते.

सायकलवाला_नगर
थोडं अवांतर. माझा फ्लॅट आहे, गॅरेज नाही, बाल्कनीत टूल ठेवायला माळा करायचाय. भिंत सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची आहे. साधा अँकर फास्टनर चालेल का? एकानं लावून दिला होता, चार महिन्यांत भोक मोठं होऊन बाहेर आला.

ओळंबा
नाही चालणार. अँकर फुगून बाजूच्या काँक्रीटला दाबतो आणि त्या दाबावर टिकतो. सिपोरेक्स फोमसारखं हलकं, दाबलं की भुगा. तिथं एकतर आरपार बोल्ट आणि पलीकडून मोठी प्लेट, नाहीतर त्या ब्लॉकसाठीचे लांब प्लग किंवा केमिकल अँकर. सगळ्यात बरं म्हणजे वजन कॉलम-बीमवर न्या. पण बीमच्या तळाला भोक पाडू नका, मुख्य सळया तिथेच असतात. बाजूला, मधल्या उंचीवर पाडा.

आणि स्लॅबला अँकर मारणाऱ्यांसाठी: स्लॅबच्या सळीवर काँक्रीटचं आवरण २० मिमी असतं, त्याखाली छताचं प्लास्टर. भोकाची खोली मोजताना प्लास्टर वजा करा, ते वजन धरत नाही. वरच्या दिशेनं भोक पाडलं की भुकटी आत राहते, हवेच्या पंपानं फुंकून काढा. न काढता अँकर ठोकला तर तो भुकटीवर घसरतो आणि ठोकताना मात्र घट्ट बसल्यासारखा वाटतो. कॅटलॉगातल्या तुटण्याच्या आकड्याचा चौथा भागच धरा.

सायकलवाला_नगर
समजलं. म्हणजे ज्यानं लावून दिला त्याला पण माहीत नव्हतं. आभारी आहे.

घणघण
बोल्ट आणताना पण बघून आणा. १० मिमीचा वेज टाइप अँकर १० च्याच भोकात जातो, पण बाहेर नळी असलेला जुना रॉल बोल्ट १० मिमीचा असेल तर भोक १६ चं लागतं. लोक दुकानात नुसतं 'दहाचा द्या' म्हणतात आणि घरी येऊन ड्रिल बिट बघत बसतात. आणि काँक्रीटला रोटरी हॅमर घ्या भाड्यानं. साध्या हॅमर ड्रिलनं हात भरून येतो, भोक वाकडं होतं.

वाठारकर
मूळ प्रश्नावर येतो. कैची रद्द. टाइल्स खाली. रुंदी पारिजातक ताईंनी सांगितल्याप्रमाणे ४ ऐवजी ३ फूट. आता पाय. मागं भिंतीलगत चार पाय चालतील, बेंच थोडं पुढं ओढतो. पण पुढच्या बाजूला मधे पाय नको. आठ फुटी फळी नाहीतर प्लाय फिरवायला तीच एक जागा आहे. दोन टोकांना पाय आणि मधे पूर्ण १२ फूट मोकळं ठेवायचं. ४० बाय ४० चा २ मिमी चौकोनी पाईप चालेल का? माझ्याकडे पडून आहे.

रंधा
बारा फूट मोकळं?? मला तर तो मधे धनुष्य होईल असं वाटतंय.

ओळंबा
रंधा बरोबर. हिशोब करून सांगतो. २५० किलो सामान अधिक प्लाय आणि आडव्या पट्ट्या ५० धरा, ३०० झाले, त्यातलं निम्मं पुढच्या तुळईवर, म्हणजे १५० किलो, १२ फुटांवर पसरलेलं. ४० बाय ४० बाय २ चा पाईप तुटणार नाही, पण मधे साधारण अडीच इंच खाली येईल. प्लाय पुढं कलणार, पातेली घरंगळणार. त्याच जागी ७५ चा सी चॅनल उभा लावलात तर तेवढ्याच वजनाला पाव इंच. पाईप मीटरला २.४ किलो, चॅनल मीटरला सातेक किलो. लोखंड तिप्पट, वाक दहावा भाग. कारण वाक ठरवते ती उंची. पाईप ४० उंच, चॅनल ७५. आडवा झोपवून लावू नका म्हणजे झालं, मग सगळा फायदा गेला.

घणघण
हेच मी लिहिणार होतो, आकडे सोडून. ;) चॅनलचं तोंड आत ठेवा, म्हणजे आडव्या पट्ट्या त्याच्या पोटात बसतील आणि वेल्ड पण चांगली मिळते. आडव्या पट्ट्यांना तुमचा ४० चा पाईप वापरा, दर दोन फुटाला, तीन फुटांच्या लांबीला तो भरपूर आहे. पडून असलेला माल संपला. वेल्डिंगला चॅनलसाठी १० नंबरची रॉड, पाईपला १२ नंबर. पायाखाली सहा बाय सहा इंची प्लेट, ६ मिमीची, नाहीतर पाईपचं टोक कोब्यात घुसतं. कोपऱ्यात तिरके टेकू द्या, पाय आणि चॅनलच्या मधे, फूटभर. ते नसले तर वर सामान ओढताना सगळं डुलतं.

आणि त्यात जीआय (जस्त चढवलेला) पाईप असेल तर वेल्ड करायच्या आधी दोन इंच जस्त घासून काढा, दार उघडं ठेवा. जस्ताचा धूर नाकात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. माझा हेल्पर दोनदा पडलाय, आता मी ग्राइंडरशिवाय जीआयला हात लावू देत नाही.

पारिजातक
हे सगळं वाचून एवढं कळलं की आमच्या माळ्याचं वजन कोणी कधी मोजलेलंच नाही. या रविवारी सासूबाई आणि मी दोघी मिळून काढतोय. त्या खूश आहेत, म्हणतात लग्नातली पैठणीची पेटी पण तिथेच आहे.

देवगडी
पारिजातक ताई, टॉर्च घ्या.

जुना_पाना
एक शंका. थिनर, पेट्रोलचा कॅन, स्प्रेचे डबे वर ठेवले तर मुलांच्या हाताबाहेर राहतील ना? मी तसंच ठेवतो.

रंधा
पत्र्याखाली? मुळीच नको. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखालच्या एक-दोन फुटांत हात धरवत नाही एवढी धग असते. स्प्रेचा डबा आतून फुगतो, थिनरचं झाकण वाफ सोडतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती वरून खाली उतरते आणि खाली तुम्ही ग्राइंडर चालवताय, ठिणग्या उडतायत. मुलांसाठी कुलूप लावा, पण खाली, सावलीत, हवेशीर जागी. ड्रिलच्या बॅटऱ्या पण वर नकोत.

जुना_पाना
आजच उतरवतो. मनापासून आभार, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

वाठारकर
मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. माळा झाला. फोटो चढत नाहीयेत, जमलं की टाकतो.

७५ चा चॅनल पुढं, मागं चार पाय आणि भिंतीला चार ठिकाणी आरपार बोल्ट, ते फक्त डुलू नये म्हणून, वजन सगळं पायांवर. आडवे पाईप दर दोन फुटाला, १८ मिमी प्लाय, कडांना दोन हात रंग. पुढं चार इंची पट्टी तेरणाकाठ यांच्या सांगण्यावरून. लोखंडाला रेड ऑक्साइड आणि वर करडा रंग. चॅनलची खालची कड मात्र पिवळी केली, कारण मुलगा सहा फुटी आहे. गाडीची डिकी पूर्ण उघडून बघितली, चॅनलपासून वीतभर लांब राहते. हे मी आधी मोजलंच नव्हतं, तुमच्यापैकी कुणी करणार असाल तर आधी डिकी उघडून मोजा.

सामान चढवायच्या आधी ओळंबांना फोनवर विचारलं तसं चॅनलच्या मधोमध दोरा ताणून मोजलं, मग सिमेंटची पाच पोती नीट पसरून दोन दिवस ठेवली. मधे सहा मिमी उतरला, पोती काढल्यावर परत जागेवर. घणघण, तिरक्या टेकूंमुळे खरंच काही हलत नाही, मी धरून लोंबकळून बघितलं.

टाइल्स खाली आहेत. बाबांचं बेंच पूर्ण रिकामं झालं, किती वर्षांनी ते मला माहीत नाही. त्यांनी पटाशीनं कोरलेली १९८१ ची तारीख फळीवर आहे ती दिसायला लागली.

घणघण
वा! आता त्या पाच पोत्यांचं काय करणार, वर नका ठेवू.

वाठारकर
शेजारी कंपाउंडचं काम चाललंय, त्यांचीच होती. सकाळी परत दिली.

चिंगी
खूप छान वाटलं वाचून. बेंचवरच्या तारखेचा फोटो नक्की टाका.

पारिजातक
अभिनंदन वाठारकर दादा! आमच्याकडून पण खबर: माळ्यावरून १४० किलो उतरवलं, त्यात ४० किलो नुसती रद्दी. पैठणी सापडली, घडीवर थोडी विरलीय पण काठ शाबूत. धामण नव्हती.

डॅलसकर
मखर आधी चढवलंत की शेवटी? मी दरवर्षी चूक करतो, सगळ्यात आत ठेवतो आणि गणपतीला सगळं उपसायला लागतं.

वाठारकर
सगळ्यात पुढं, शिडीच्या बाजूला. त्याच्या शेजारी आकाशकंदील. ताडपत्र्या पलीकडच्या टोकाला, त्या मे अखेरीला लागतील.